अहवालाआधीची उपकारस्तुती

आमच्या प्रयोगशाळेत महिन्यातून एकदा अंडी फोडली जातात. ती आधी साबणाच्या पाण्याने घासून धुतात, मग स्पिरिटमध्ये बुडवतात, आणि हातमोजे घातलेली दोन माणसे निर्जंतुक भांड्यावर एकेक अंडे अशा बेताने फोडतात की कवचाचा कणही आत पडू नये. नागपूरच्या सदर भागातल्या अंडेवाल्याचा पहिले काही महिने समज होता की आमची बेकरी आहे. "इतके ट्रे नेता मॅडम, पन केकचा एक तुकडा नाही खाऊ घातला कधी," असे तो एकदा म्हणाला. मी त्याला खरे ते सांगितले. ही अंडी आम्ही क्षयरोगाच्या जंतूला खाऊ घालतो. पुढच्या वेळेपासून तो ट्रे माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवू लागला.

अंड्याच्या मिश्रणात काही क्षार आणि एक हिरवा रंग घालून, ते बाटलीत तिरके ठेवून उष्णतेने थिजवले की फिकट हिरव्या ढोकळ्यासारखे माध्यम तयार होते. रुग्णाचा बेडका शुद्ध करून त्यावर पसरायचा, बाटली शरीराच्या तापमानाला ठेवायची आणि वाट पाहायची. क्षयाचा जंतू कमालीचा संथ आहे. तो जिवंत असेल तर काही आठवड्यांनी माध्यमावर फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे खरखरीत पिवळसर ठिपके दिसतात. दिसले नाहीत तरी दोन महिने थांबूनच 'वाढ नाही' असे लिहिता येते. हल्ली काही तासांत निदान करणारी यंत्रे आली आहेत, पण ती मेलेल्या जंतूलाही ओळखतात. औषधाने जंतू खरोखर मेला का, या प्रश्नाचे उत्तर अजूनही बाटलीच देते.

आणि उत्तरे दोन नसतात, तीन असतात. वाढ आहे, वाढ नाही, आणि नमुना दूषित. तिसऱ्याचा अर्थ असा की भलताच जंतू आत शिरून सगळे माध्यम खाऊन गेला. इतके दिवस थांबून हाती काहीच आले नाही, पुन्हा पहिल्यापासून. हे तिसरे उत्तर रुग्णाला समजावून सांगणे हा आमच्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. तो माझ्या वाट्याला दोन्ही बाजूंनी आला.

आमच्याकडे येणारी माणसे घाबरलेली असतात आणि घाबरलेला माणूस चमत्कारिक वागतो. महाल भागातले एक निवृत्त हेडक्लार्क हेल्मेट घालूनच बेडका द्यायला येत. आमच्या मोकळ्या अंगणात उभे राहून, काच वर करून खाकरत आणि झाकण लावताच काच खाली करत. ओळखीचे कोणी दिसू नये एवढीच त्यांची प्रार्थना. उमरेडकडचे नामदेवराव नेमके उलटे. ते कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. औषधांना दाद न देणारा क्षय त्यांना झाला होता आणि ही बातमी एसटीतल्या सहप्रवाशांपासून आमच्या पहारेकऱ्यापर्यंत सर्वांना ते स्वतः सांगत. त्यांची तक्रार एकच होती.

"काहून जी मॅडम, तुमचा जंतू बैलगाडीनं येते का?"

"हो काका. आणि वाटेत बैलही सोडतो."

"मंग मी मरून जाईन तेव्हा येईन काय रिपोर्ट?"

एकदा नमुना द्यायला येताना त्यांनी टोपलीत भुसा घालून गावरान अंडी आणली. आमच्या माध्यमाला ती उत्तम, कारण पोल्ट्रीच्या कोंबड्यांना प्रतिजैविके दिलेली असण्याची शक्यता असते आणि तशा अंड्यांवर जंतू नीट वाढत नाही. तरी मी नियमाला धरून म्हणाले, "काका, अजून मागचा रिपोर्टसुद्धा आला नाही. आभार कशाचे मानता?"

"रिपोर्टाचे नाही जी," ते म्हणाले. "तुमी माह्यासंगं वाट पाहून राहिल्या ना, त्याचे."

मला ते उत्तर गोड वाटले आणि अशास्त्रीय वाटले. उबवणीच्या कपाटात त्यांच्यासारख्यांच्या असंख्य बाटल्या होत्या, मी त्यांच्यासाठी वेगळी वाट पाहत नव्हते. अंडी मात्र ठेवून घेतली. पुढे त्यांच्या बाटल्या स्वच्छ राहू लागल्या आणि ते यायचे थांबले. आमच्या धंद्यात बरे झालेले गिऱ्हाईक परत येत नाही, आणि येऊही नये.

त्यानंतर काही काळाने मला खोकला सुरू झाला.

जंतू कुठून आला, हे मी शोधू पाहिले आणि नाद सोडून दिला. आमची सुरक्षा-कपाटे वेळोवेळी तपासलेली होती. नागपुरात तो बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही भेटू शकतो. तो मात्र नामदेवरावांच्या जंतूच्याच जातीचा निघाला, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. हैदराबादच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी माझी निवड झाली होती. संस्थेने सौजन्याने कळवले की वैद्यकीय दाखला आल्यावर रुजू व्हावे. त्या दाखल्याचा रस्ता माझ्याच प्रयोगशाळेतल्या उबवणीच्या कपाटातून जात होता.

मी सदरजवळच्या मिशन कंपाउंडमध्ये दोन खोल्यांत एकटी राहते. आई मी शिकत असतानाच गेली. बाबा पुण्याला दादाकडे असतात आणि तेव्हा दादाच्या घरी नुकतेच बाळ आले होते. मी फोनवर स्पष्ट सांगितले, कोणीही यायचे नाही. बाबांनी दोनदा तिकीट काढले, मी दोन्ही वेळा रद्द करायला लावले. निर्णय बरोबर होता. बरोबर निर्णय घेतल्यावर घर इतके शांत होते, हे मला ठाऊक नव्हते.

उन्हाळा तोंडावर होता. एका औषधाने तळपायांची आग होई, म्हणून मी पाय बादलीत सोडून बसे. दुसऱ्या औषधाने कातडी तांब्यासारखी काळवंडली. डॉक्टरांनी खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या होत्या. नागपूरच्या मे महिन्यात ही शिक्षा वाटावी, पण आपला पत्र्याचा कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि आतली बाहेर ढकलतो. त्यामुळे क्षयरोग्याच्या खोलीला एसीपेक्षा तो कितीतरी बरा. तासाला खोलीतली हवा किती वेळा बदलते याचे गणित मी मांडून ठेवले होते. ते गणित हा माझा दिवसभरातला मुख्य संवाद होता, असे म्हटले तरी चालेल.

दुसरा संवाद भिंतीवरून होई. पलीकडे लीलामावशी राहतात. आईची मैत्रीण, चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत मला शिकवलेल्या. त्या दुपारी डबा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवत आणि चार पावले मागे सरून उभ्या राहत.

"खाऊन घे वं. कशी काळी पडली माय! उमरेडच्या खाणीतून ड्यूटी करून आल्यावानी दिसतेस."

"औषधाचा रंग आहे मावशी. जाईल."

"जाईल तेव्हा जाईल. वांगे गरम आहेत तोवर खा."

दूर अंतरावर ठेवलेल्या त्या डब्याकडे पाहताना मला अंडेवाल्याच्या ट्रेची आठवण येई. त्यात मावशींचा दोष काही नव्हता. ते अंतर मीच ठरवून दिले होते.

आजाराबद्दल थोडे माहीत असलेला रुग्ण घाबरतो. सगळे माहीत असलेला घाबरतोच, वर त्याला घाबरण्यासाठी रोज नवी सामग्री सापडते. माझी बाटली कोणत्या फळीवर असेल, ती वाचताना दिव्यासमोर कोणत्या कोनात धरली जाईल, हे मला डोळ्यांसमोर दिसे. सकाळी वजनकाटा, मग बेडक्याचा रंग, मग खोल श्वास घेताना डावीकडे काही टोचते का याची चाचपणी. आमच्या प्रमुख काशीकर मॅडमना मी एकदा फोन केला आणि सहज चौकशी केल्यासारखे विचारले की या आठवड्यात बाटल्या पाहिल्या का.

"रूथ," त्या म्हणाल्या, "तू सध्या रुग्ण आहेस. रुग्णाला निकाल डॉक्टर सांगतात. हे तूच नव्या मुलींना शिकवलंस ना?"

मी प्रार्थना करत होते. पण काय करत होते, ते प्रामाणिकपणे लिहायचे तर माझी प्रार्थना हा मागणी-अर्ज होता आणि रोज त्याला एक स्मरणपत्र जोडले जाई. आमच्या घरी आईचा नियम होता की देवासमोर आधी उपकार मानायचे आणि मगच मागायचे. मी तो नियम सोडला होता, कारण उपकार मानायला आधी काहीतरी मिळालेले असावे लागते. माझी एक बाटली स्वच्छ राहिली होती. डॉक्टरांना सलग दोन हव्या होत्या. दुसरी स्वच्छ निघाली की उपकार मानू, असा मी देवाशी करार केला होता.

दुसरी बाटली दूषित निघाली.

त्या दुपारी वीज गेली होती आणि कूलर बंद पडला होता. मला मागायलाही काही सुचेना, पुन्हा तेच मागायचे होते. मावशींचा डबा उघडला. औषधांमुळे अन्नाचा वासही सहन होत नसे. तरी मान खाली गेली आणि लहानपणापासून तोंडात बसलेली जेवणापूर्वीची प्रार्थना पुटपुटली गेली, या अन्नाबद्दल उपकार. मग लक्षात आले की इतक्या महिन्यांत हीच एक प्रार्थना मी एकदाही चुकवली नव्हती आणि हीच एक अशी होती जिच्यात पुढच्या कशाचीही अट नव्हती. डबा समोर होता. वांगी होती. कोणीतरी भर उन्हात ती भिंतीपर्यंत आणली होती. याला पुराव्याची वाट पाहावी लागत नव्हती.

मी तिथून सुरुवात केली. जे समोर आहे तेवढ्याचेच उपकार मानायचे, एक पाऊलही पुढे जायचे नाही. कूलर परत सुरू झाला, उपकार. दुपारी पाय थोडे थंड झाले, उपकार. भीती त्याने गेली नाही. पण दिवसभर फक्त तीच बोलत असे, ते थांबले.

नव्याने दिलेला नमुना बाटलीत लावला गेला. यात वाढ दिसली असती तर औषधे हरली असा अर्थ झाला असता. मग डाव्या फुफ्फुसाचा भाग शस्त्रक्रियेने काढायचा, आणखी कडक औषधे घ्यायची, हैदराबाद विसरायचे आणि बहुधा प्रयोगशाळाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या बेडक्याच्या काचपट्टीवर बरेच दिवस जंतू दिसत नव्हते, त्यामुळे मास्क लावून बाहेर पडायला डॉक्टरांची परवानगी होती. मी रविवारी उपासनेला जाऊ लागले, पण आत न बसता व्हरांड्यात, उघड्या खिडकीजवळ.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. ज्याला कशाबद्दल देवाचे आभार मानायचे असतील तो पाकिटात दान घालून वर नाव आणि कारण लिहितो, आणि प्रार्थनेपूर्वी सचिव ती कारणे मोठ्याने वाचतात. कोणाचा मुलगा पास झालेला असतो, कोणाची सून सुखरूप बाळंत. त्या रविवारी खिडकीतून आवाज आला, "भगिनी रूथ हिला गंभीर आजारातून पूर्ण बरे केल्याबद्दल, लीलाबाईंकडून उपकारस्तुती."

आमच्या धंद्यात बाटली कपाटात असताना अहवाल बाहेर पडणे हा मोठा अपराध आहे.

आणि त्याचा परिणाम लगेच दिसला. उपासना सुटताच बायका व्हरांड्यात आल्या. कोणी हात धरला, कोणी डोक्यावरून हात फिरवला. एका तरुण आईने कौतुकाने आपले तान्हे माझ्यापुढे केले. "घ्या ना ताई." मी "नको!" असे ओरडून मागे सरले ते खांबावर आदळले. बाळ रडू लागले. त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. कित्येक महिन्यांनंतर कोणीतरी मला बाळ घ्यायला दिले होते आणि मला ते घेता आले नव्हते.

घरी येऊन मी भिंतीपाशी मावशींना गाठले.

"मावशी, तुम्ही असं काहून लिहून दिलं? मी बरी झाले हे कोणी सांगितलं?"

"कोनी नाही."

"मग?"

"अवं, देवाले आधीच थँक्यू म्हटलं का मंग त्याले मागं हटता येत नाही. गॅसचा नंबर नाही का लावत आपन? सिलिंडर संपल्यावर लावते का कोनी?"

"मावशी, हा गॅस नाही. उद्या बाटलीत वाढ दिसली तर?"

त्या पदराने चष्मा पुसू लागल्या. "तुह्या मायच्या वेळेस मी थांबून राहिली होती," त्या म्हणाल्या. "बरी झाली का पाकीट देऊ म्हनून. ते पाकीट तसंच राहिलं वं."

पण चुकीचा अहवाल बाहेर होता आणि तो तसाच ठेवणे मला शक्य नव्हते. प्रयोगशाळेत चुकलेला अहवाल खोडत नाहीत. तो तसाच ठेवून त्यावर दुरुस्त अहवाल काढतात. मी चर्चच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे गेले आणि पुढच्या रविवारी दुरुस्ती वाचावी, अशी विनंती केली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "दुरुस्ती झालीच पाहिजे," ते म्हणाले. "पण उपकारस्तुतीच्या वेळी मी 'रूथ अजून बरी नाही' एवढंच वाचून कसा थांबू, बेटा? तिथं जो उभा राहतो त्याला काहीतरी आभार मानावे लागतात. ते मला तुझ्या वतीनं रचता येणार नाहीत. तूच उभी राहा."

तो आठवडा वाईट गेला. मनात सारखी शब्बाथशाळेतली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट येत होती. प्रभू येशूने त्यांना सांगितले होते की जा आणि स्वतःला याजकाला, मंदिरातल्या पुरोहिताला, दाखवा. कोण बरा झाला याचा दाखला याजक देत असे, म्हणजे तो त्या काळची प्रयोगशाळाच. वाटेत ते शुद्ध झाले, नऊ जण पुढे गेले आणि एकच आभार मानायला परतला. लहानपणी मावशी विचारत, "तुम्ही कोन होनार?" सगळी मुले ओरडत, तो एक. मी तेव्हाही मनातून नऊ जणांच्या बाजूने होते. त्यांना जे सांगितले होते तेच ते करत होते, अहवाल आणायला गेले होते. आता प्रथमच माझ्या ध्यानात आले की परत फिरलेल्याच्या हातातही दाखला नव्हता. अर्थात त्याला आपली कातडी दिसत होती. मला माझे फुफ्फुस दिसत नव्हते.

तो रविवार हंगामाच्या सणाचा निघाला. वेदीपुढे भोपळे, मक्याची कणसे, तांदळाच्या पिशव्या मांडल्या होत्या. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. पायरीशी पाय बांधलेली एक कोंबडीही होती. मी व्हरांड्यातच, खिडकीच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"मागच्या रविवारी वाचलेले विधान दुरुस्त करायचे आहे," मी म्हणाले. आवाज मास्कमुळे दबका येत होता. "मी बरी झाले असे अजून सिद्ध झालेले नाही. माझा नमुना लावलेला आहे. त्यात काय निघेल ते मला माहीत नाही. मला भीती वाटते. कृपया लहान मुलांना माझ्याजवळ आणू नका."

एवढेच पाठ केले होते. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि पाळकसाहेब बसायला सांगत नव्हते.

"आभार," मी म्हणाले, "भिंतीवरच्या डब्यांबद्दल. माझी बाटली वाचणाऱ्या मॅडम मला निकाल आधी सांगत नाहीत, त्याबद्दल. पत्र्याच्या कूलरबद्दल. आणि आमचे सगळे काम अंड्यांवर चालते, म्हणून कोंबड्यांबद्दल."

पायरीशी बांधलेल्या कोंबडीने नेमका तेव्हाच आवाज केला. पुढच्या रांगेतली मुले हसली, मग मोठी माणसेही. मलाही हसू आले आणि हसण्याबरोबर खोकला आला. तो एवढा मोठा आला की मी अंगणात धावत गेले. परत वळले तेव्हा ती तरुण आई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिने बाळाचा इवला हात धरून दुरूनच माझ्याकडे हलवला.

ती बाटली स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी ते अगदी कोरडेपणाने सांगितले, जसे सांगायला हवे तसेच. मी त्यांच्या जिन्यात बसून रडले. पण खरे सांगते, पाकीट देण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट मला तोवर मिळून गेली होती आणि तिचे नाव बाटलीच्या अहवालात येत नाही.

हैदराबादची जागा यंदा दुसऱ्या कोणाला गेली. मी पुन्हा अर्ज केला आहे. ते दुःख अजून ओले आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. औषधे संपली. मी कामावर परतले, पण शेवटच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत मला जंतूंच्या खोलीत प्रवेश नाही. म्हणून मी अंडी धुते, फोडते, माध्यम थिजवते. भिंतीपलीकडे उबवणीचे कपाट आहे आणि त्यात माझी शेवटची बाटली आहे. तिचे माध्यम कोणत्या घाण्यातले, हे मी मुद्दाम पाहिलेले नाही. कपाटाचे दार उघडल्याचा आवाज आला की माझे हात थांबतात. मग मी पुढचे अंडे घेते. कधी कधी भुशात ठेवलेल्या त्या गावरान अंड्यांची आठवण येते, आणि वाटते की नामदेवराव भेटले तर त्यांना सांगावे, माझे मोजमाप चुकले नव्हते, पण सोबतीने वाट पाहण्याबद्दलचे तुमचे आभारही बरोबर होते.

नाताळची उपासना जवळ आली आहे. काल लीलामावशी कोरे पाकीट घेऊन भिंतीपाशी आल्या. आता त्या मागे सरत नाहीत, भिंतीवर दोन्ही कोपरे टेकून उभ्या राहतात.

"या वेळेस तुलेच विचारून लिहितो वं. काय लिहू?"

"लिहा, वाट पाहायला सोबत आहे, त्याबद्दल."

"एवढंच? अन् बरं झाल्याचं?"

"ते अजून माहीत नाही, मावशी. हे मात्र तपासलेलं आहे."

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, पाकीट भिंतीवर ठेवले आणि माझ्यासमोर लिहायला घेतले.